खोपोलीचे पाइप आणि कोळशाचा हिशोब

मंडळी, खोपोलीत उतरून घाटाकडे मान वर केली की डोंगरावरून सरळ खाली येणारे जाडजूड पाइप दिसतात. आपल्यापैकी बरेच जण दर वीकेंडला त्यांच्या बाजूने जातात. भजी, धबधबा, इमॅजिका, लोणावळ्याची चिक्की, सगळ्यांचे फोटो निघतात, पाइपांचे मात्र कोणी काढत नाही. खरं तर ऊर्जा, कार्बन, रिन्यूएबल्स वगैरे ज्या विषयांवर हल्ली ऑफिसच्या कँटीनमध्येसुद्धा वाद होतात, त्यातला निम्मा अभ्यासक्रम त्या पाइपांत भरलेला आहे. आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

सुरुवात गिरण्यांपासून करू. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शहरात ऐंशीच्या वर गिरण्या होत्या. या सगळ्या वाफेवर चालायच्या आणि वाफ कोळशावर. आता मुंबईची गोची अशी, की कापूस जवळ, बंदर दारात, मजूर कोकणातून आणि घाटावरून येणारे, पण कोळसा कुठेच नाही. तो यायचा एक तर जहाजाने विलायतेहून, नाही तर राणीगंज-झरियाच्या खाणींतून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाकडून. खाणीच्या तोंडावर कोळसा स्वस्तच होता, पण परळच्या बॉयलरपर्यंत येईपर्यंत त्याच्यावर रेल्वेचं किंवा आगबोटीचं भाडं चढत जायचं. गिरणीमालक कोळशापेक्षा भाड्याचेच पैसे मोजत होता म्हणा ना.

त्यात धूर. गिरणगावाचा धूर इतका झाला की सरकारला १९१२ मध्ये चक्क कायदा करावा लागला, बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस अ‍ॅक्ट. म्हणजे प्रदूषण नियंत्रण ही काही आपल्या पिढीची फॅशन नाही. पण गिरण्यांची धुराडी थंड व्हायला सुरुवात झाली ती या कायद्यापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. ती गोष्ट म्हणजे युनिटचा भाव.

सह्याद्रीचा नकाशा डोळ्यासमोर आणा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, आणि तिथून काही किलोमीटरवर खोपोली, जवळजवळ पायथ्याशी. वर पावसाळ्यात पाणी धो धो पडतं. पण ते वाहतं कुठे? पूर्वेला. इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र ढांगेवर असताना पाणी निघतं आंध्रकडे! हे पाणी वरच अडवलं आणि कड्यावरून पश्चिमेला खाली सोडलं, तर अर्ध्या किलोमीटरची उंची फुकटात मिळते. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या एका आर्किटेक्टने या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि जमशेदजी टाटांना ती पटली. जमशेदजी १९०४ मध्ये गेले. पुढे दोराबजींनी काम हाती घेतलं आणि १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. १९११ मध्ये वळवण धरणाची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा असे तीन तलाव झाले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या पॉवर हाउसमधून वीज निघाली. एक लाख व्होल्टच्या तारांवरून सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून ती परळला पोचली. सुरुवातीची क्षमता ४० मेगावॅट. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळच्या हिंदुस्थानात हे प्रकरण अवाढव्य होतं.

इथे थोडं गणित करू. आपण इंजिनिअर लोक, आकड्याशिवाय चैन पडत नाही. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी घ्या. तेवढं पाणी ५०० मीटर खाली सोडलं तर कागदावर १.३६ युनिट ऊर्जा मिळते. टर्बाइन-जनरेटरची गळती धरली तर हातात साधारण १.२ युनिट. म्हणजे दीड टनाचा एसी तासभर चालेल, बस्स. एवढीशी वीज मिळवायला एक आख्खी टाकी पाणी! तेवढीच वीज आजच्या औष्णिक केंद्रात पाऊण-एक किलो कोळशात होते. कोळसा इतका का चालला, हे या एका तुलनेवरून कळतं. तो दाट असतो, पोत्यात भरता येतो, आणि लागेल तेव्हा जाळता येतो.

मग पाणी जिंकलं कसं? तर खर्चाच्या मांडणीमुळे. कोळशाच्या बॉयलरला उभारणीचा खर्च कमी आणि इंधनाचं बिल जन्मभर. धरण-पाइप-टर्बाइनचं उलटं, सगळा पैसा पहिल्या दिवशी, मग इंधन फुकट. (सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: एक सबस्क्रिप्शन, दुसरं लाइफटाइम लायसन्स.) दुसऱ्या प्रकारात दोनच गोष्टींना महत्त्व असतं, सुरुवातीचा पैसा कोण आणि किती व्याजाने देतो, आणि तयार वीज नक्की कोण विकत घेणार. म्हणूनच गिरण्यांशी वीजविक्रीचे करार होणं हा योजनेचा जीव होता. गिरणीमालकाला धंद्यात बदल म्हणजे जुनी इंजिनं भंगारात आणि नव्या मोटारींवर पुन्हा खर्च. तो का करेल? विजेचा भाव कोळशाच्या वाफेपेक्षा खाली असेल तरच. आणि भांडवल? ते मुख्यतः इथूनच उभं राहिलं, त्यात संस्थानिकांचाही हात होता.

व्याजाचा मुद्दा किती मोठा आहे ते बघा. समजा १०० रुपयांचा प्रकल्प आहे आणि तो २५ वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचा आहे. व्याज ८ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता येतो ९ रुपये ३७ पैसे. व्याज १२ टक्के झालं की तोच हप्ता १२ रुपये ७५ पैसे. म्हणजे तंत्रज्ञान तेच, पाऊस तोच, ऊन तेच, आणि वीज ३६ टक्के महाग! कोळशाच्या केंद्राला याचा फटका कमी बसतो, कारण त्याच्या खर्चातला मोठा वाटा इंधनाचा असतो. पाणी, वारा आणि ऊन यांची वीज ही मुळात व्याजदराची वीज आहे. १९१० ला हेच होतं, आजही हेच आहे. गरीब देशांत ऊन भरपूर असूनही सोलर का रखडतं, याचं अर्धं उत्तर इथे सापडेल.

खोपोली सुरू झाली तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. आगबोटी युद्धाच्या कामाला लागल्या, समुद्रमार्गे येणारा बंगालचा कोळसा रेल्वेवर आला, वाघिणी पुरेनात आणि मुंबईत कोळसा आणखी महागला. पाण्याच्या विजेची मागणी वाढली. १९१६ मध्ये आंध्र व्हॅली कंपनी निघाली आणि तिचं पॉवर हाउस कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२ मध्ये सुरू झालं. (नावाने गोंधळू नका. हे आंध्र म्हणजे मावळातली आंध्रा नदी, तिच्यावर ठोकरवाडीचं धरण.) तिसरं भिराचं, १९२७ मध्ये, मुळशीच्या पाण्यावर. कंपन्या तीन, पण सूत्र एकच: घाटावर अडवायचं, कोकणात पाडायचं आणि वीज मुंबईला न्यायची.

आता या स्वस्त विजेची किंमत कोणी भरली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. तलावाखाली गेलेल्या जमिनी मावळ-मुळशीच्या शेतकऱ्यांच्या. मुळशीत लोक उभे राहिले. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं त्याच्याशी कायमची जोडली गेली. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक. लढा हरला आणि धरण झालं. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर युनिटच्या भावात जो खर्च धरलाच नव्हता, तो मावळ्यांच्या खात्यावर टाकला गेला. कोळशाचा धूर गिरणगावातल्या कामगाराच्या छातीत, पाण्याच्या विजेचा खर्च मुळशीच्या भातखाचरात. स्वच्छ वीज म्हणजे फुकट वीज नव्हे, हे तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

कर्जत-खालापूरचा जमाखर्च मात्र वेगळा निघाला. टर्बाइनमधून बाहेर पडणारं पाणी इकडे खाली येतं. खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हासच्या खोऱ्यात. कोकणातल्या नद्या दिवाळीनंतर आटतात, पण या बाजूला वीज बनते तोवर पाणी येत राहतं. कर्जतच्या राजनाल्यावर उन्हाळ्यात जे हिरवंगार भात दिसतं, ते या पाण्यावरचं. पाताळगंगेच्या काठी साठच्या दशकापासून जे कारखाने आले, खोपोलीचं स्टील, रसायनीतली हिंदुस्थान ऑरगॅनिक, नंतर १९८० च्या दशकात रिलायन्सचा पाताळगंगा प्रकल्प, त्या सगळ्यांच्या हिशोबात बारमाही पाणी आणि जवळचं बंदर होतंच. म्हणजे भीमेच्या खोऱ्याचा तोटा तो रायगडचा फायदा. हा वाद पुढे कृष्णा पाणी तंटा लवादापुढेही गेला. बच्छावत लवादाने टाटांच्या तलावांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली, पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ च्या आसपास. आपला वरचा टाकीचा हिशोब लावून बघा. ४२ टीएमसी म्हणजे सुमारे ११९ कोटी घनमीटर, प्रत्येकी १.२ युनिट, म्हणजे साधारण १४० कोटी युनिट वर्षाला. कोळशाच्या युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर तेरा-चौदा लाख टन वाचतो. १९१५ साली कार्बन हा शब्द कोणाच्या गावीही नव्हता. कार्बन वाचला तो निव्वळ भाड्याच्या गणितामुळे.

इथे कोणी म्हणेल, वा! म्हणजे बाजारावर सोडून द्या, सगळं आपोआप हिरवं होईल. थांबा जरा.

स्वस्त वीज मिळाली म्हणून मुंबईने कोळसा सोडला आणि गप्प बसली, असं झालं नाही. मुंबईने आणखी वीज मागितली. बेस्टने माझगावचं आपलं कोळशावरचं केंद्र बंद करून टाटांची वीज घेतली, ट्राम, दिवे, पंखे, लिफ्ट, लोकल, सगळं वाढत गेलं. विल्यम जेव्हन्सने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की इंजिनं काटकसरी झाली की कोळसा वाचत नाही, उलट जास्त खपतो, कारण वापर परवडायला लागतो. तीन पॉवर हाउसं मिळून घाट जेवढा देऊ शकत होता तेवढं देऊन झालं, आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र उभं राहिलं. म्हणजे मुख्यतः पाण्यावर चाललेलं शहर पुन्हा इंधनाकडे गेलं. आज खोपोली ७२, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मेगावॅट, एकूण ४४७. मुंबईची कमाल मागणी ४००० मेगावॅटच्या वर गेलेली आहे. शंभर वर्षांपूर्वी जे पान भरून होतं, ते आता समासात मावतं.

रेल्वेचं उदाहरण तर आणखी मजेशीर. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला तो कोळशाच्या इंजिनांवर. १ : ३७ चढ, पुढे इंजिन, मागे बँकर, धुराने कोंडलेले बोगदे. कल्याण-पुणे मार्ग १९२९-३० च्या सुमारास विजेवर आला आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली. आता ही गाडी एका बाजूला भिवपुरी, दुसऱ्या बाजूला खोपोली असं करत दोन जलविद्युत केंद्रांच्या मधून घाट चढते. पण या मार्गासाठी रेल्वेने स्वतःचं वीजकेंद्र बांधलं ते ठाकुर्लीला, चोळ्याजवळ, आणि ते कोळशावरचं! कारण माझ्या मते सरळ आहे. कोळशाचं भाडं इतरांना जड, रेल्वेला ते घरचंच काम. एकच कोळसा, एकच गाव, पण विकत घेणारा बदलला की स्वस्त-महागाची व्याख्या बदलते.

आणि या सगळ्या गोष्टीत एक इंधन आपण विसरतोय. लाकूड. कर्जत-खालापूरच्या जंगलात कातकरी पिढ्यान्‌पिढ्या कोळसा पाडत आले. दगडी नव्हे, लाकडाचा. व्यापाऱ्याकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर कुटुंबासकट भट्टीवर जायचं. वर्षअखेर हिशोब झाला की उचल फिटलेली नसायचीच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये आला, तरी उचलीचं चक्र वीटभट्टीच्या रूपाने टिकून राहिलं. मुंबईच्या इस्त्रीत आणि शेगडीत जळालेल्या त्या कोळशाचा भाव कमी होता, कारण माणसाची मजुरी त्याच्यात पुरती धरलेलीच नव्हती. आज उज्ज्वला योजनेने (२०१६) सिलिंडर घरी आला, पण दुसरा सिलिंडर भरायचा तर रोख पैसे लागतात आणि जंगलातली मोळी "फुकट" मिळते. फुकट म्हणजे काय, तर बाईचे तीन-चार तास, ज्यांना बाजारात भाव नाही. त्या तासांना रोजगार मिळाला तर गॅस स्वस्त वाटायला लागेल. चुलीचा धूर प्रबोधनाने जाईल त्यापेक्षा लवकर मजुरीने जाईल.

अजून एक विसंगती. खोपोलीत वीज बनते, पण खोपोलीतल्या घराला बिल येतं महावितरणचं. टाटांची वीज तारांवरून मुंबईला. खेड्यापाड्यांत वीज पोचण्याचं बरंचसं काम १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झाल्यानंतरचं. वीज जिथे जन्मते तिथे राहत नाही, ज्याला परवडते त्याच्याकडे जाते. यात कोणी खलनायक असायची गरज नाही. तार नेहमी पैशाच्या दिशेने ओढली जाते, एवढंच.

आता वर्तमानात येऊ. चक्र पुन्हा कर्जतला आलंय!

डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सोलरचा भाव १ रुपया ९९ पैसे युनिटवर आला. कोळशाला ते जमणं अवघड. २०२५ मध्ये देशातल्या बसवलेल्या क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. पण प्रत्यक्ष बनलेल्या युनिटांत अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच. कारण सूर्य संध्याकाळी सहाला कामावरून सुटतो, आणि आपण त्याच वेळी घरी येऊन एसी लावतो. दुपारी विजेचा भाव पडतो आणि रात्री एक्स्चेंजवर तो १० रुपयांच्या मर्यादेला जाऊन टेकतो. १९१५ मध्ये भाडं जागेचं होतं, खाणीपासून परळपर्यंत. आता भाडं वेळेचं आहे, दुपारपासून रात्रीपर्यंत.

आणि हे भाडं वाचवायचा जुना जाणता उपाय म्हणजे तोच घाट. दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. पंप्ड स्टोरेज म्हणतात त्याला. भिऱ्याला १५० मेगावॅटचा असा संच १९९० च्या दशकापासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवटा (१८०० मेगावॅट) आणि भिवपुरी (१००० मेगावॅट) या दोन प्रकल्पांचा करार केला, मिळून सुमारे १३,००० कोटी रुपयांचा. २०२४ मध्ये टोरंट पॉवरच्या करारात एकट्या कर्जतसाठी ३००० मेगावॅट आहेत. शंभर युनिट वर चढवले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, म्हणजे यात ऊर्जा बनत नाही, उलट थोडी जाते. तरीही धंदा होतो, कारण दोन रुपयांना घेतलेलं सहा-सात रुपयांना विकता येतं. शुद्ध आडतीचा व्यवहार!

मला हे प्रकल्प हवे आहेत. नवी मुंबईतली डेटा सेंटर्स, ज्यांच्यावर आपला पगार चालतो, रात्रीसुद्धा चालतात, आणि ती रात्र कोळशावर काढायची नसेल तर साठवण लागणारच. पण खोपोलीचा इतिहास वाचून तीन प्रश्न आत्ताच विचारायला हवेत. पहिला, वरचा आणि खालचा तलाव कोणाच्या जमिनीत, कोणत्या जंगलात? मावळ-मुळशीत जो खर्च बिलात आला नाही, तो या वेळी युनिटच्या भावात धरा, मग भाव दहा-वीस पैशांनी वाढला तरी चालेल. दुसरा, खालच्या गावांना काय? राजनाला हा टर्बाइनचा उपकार होता, हक्क नव्हता. पाणी पुन्हा वर चढवायचं म्हटल्यावर नदीत किती सोडायचं, हे करारात लिहिलेलं हवं. आणि तिसरा सगळ्यात अवघड: वीज स्वस्त झाली की आपण काय करणार? कोळसा बंद करणार, की कोळसाही ठेवून आणखी एसी लावणार? मागच्या वेळी याचं उत्तर ट्रॉम्बे होतं.

या तिसऱ्या प्रश्नाला बाजाराकडे उत्तर नाही. बाजार स्वस्त गोष्ट आणतो, तो महाग गोष्ट आपोआप घालवत नाही. घालवण्यासाठी धुराला भाव लावावा लागतो आणि जुनी केंद्रं कधी बंद करायची याची तारीख ठरवावी लागते. १९१२ च्या धूर-कायद्याने एकट्याने फार साधलं नव्हतं, आणि १९१५ च्या स्वस्त विजेने एकटीने कायमचं साधलं नाही. दोन्ही एकत्र लागतात.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी भजी खायला खोपोलीला थांबलात तर एकदा त्या पाइपांकडे बघा, आणि प्लेटमधली भजी कशावर तळली तेही विचारा. गॅस, लाकूड की वीज? उत्तरात भाव आधी सांगतील, इंधन नंतर.